किलोमीटर विरुद्ध रुसवा

तोंडात उप्पीट असताना माणसानं शास्त्रीय विधानं करू नयेत. त्या रविवारी मी ते केलं आणि त्यानंतर कितीतरी दिवस राजाजीनगरापासून महादेवपुऱ्यापर्यंत लोक मला ‘ठिपकेवाले’ म्हणून ओळखत होते.

स्थळ आमच्या घरमालकांचं स्वयंपाकघर. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, पण रविवारचा नाश्ता खाली असतो. घरमालकीण गोजराबाईंना भाडेकरू उपाशी ठेवणं पसंत नाही आणि माझ्या बायकोला, कल्पनाला, रविवारी सकाळी चूल पेटवणं पसंत नाही, त्यामुळे हा करार न बोलता झालेला आहे. समोर त्यांचे यजमान व्यंकोजीराव लेकीच्या, म्हणजे सौम्याच्या, लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन हताश बसले होते. हे घराणं शहाजीराजांबरोबर बेंगळूरला आलं आणि इथंच राहिलं. आम्ही नोकरीसाठी पुण्याहून आलेले, त्यामुळे त्यांच्या मते आम्ही अजून सामानच सोडतो आहोत. त्यांची मराठी कानडीत भिजलेली, आमची इंग्रजीत. दोन्ही घरांना दुसऱ्याची मराठी बिघडलेली वाटते, पण सभ्यपणामुळे कुणी बोलत नाही.

प्रश्न होता पत्रिका वाटण्याचा. “पोस्टानं टाकल्या तर?” असं कल्पनानं सहज विचारलं. गोजराबाईंनी गॅस बंद केला.

“पोस्टानं लाइटचं बिल येतं, अक्का,” त्या म्हणाल्या. “लग्नाचं बोलावणं नाही.”

मग आम्हांला रीत समजावून सांगण्यात आली. नवराबायकोनं जोडीनं जायचं. घरच्यांना बसवून कुंकू लावायचं, हातात अक्षता द्यायच्या, पत्रिका द्यायची, ‘अगत्यानं यायचं’ म्हणायचं आणि समोर येईल ती कॉफी प्यायची. इथवर ठीक होतं. पण हे सगळं मानाच्या क्रमानं करायचं. थोरल्याच्या आधी धाकट्याच्या दारात गाडी उभी राहिली, की थोरला रुसला. आणि या भाऊबंदांनी घरं घेताना वयाचा काहीच विचार केलेला नव्हता. पहिले मानकरी आमच्या मागच्याच गल्लीत, दुसरे थेट पूर्वेच्या टोकाला महादेवपुऱ्यात, तिसरे पुन्हा इथं राजाजीनगरात, चौथे परत पूर्वेला. व्यंकोजीरावांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांची जुनी फियाट मी चालवतो. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी शिवणाच्या मशीनसारखा जात-येत राहणार, हे माझ्या लक्षात आलं आणि त्याच क्षणी मी ते विधान केलं.

“हे मल्टि-ऑब्जेक्टिव्ह ऑप्टिमायझेशन आहे,” मी म्हणालो.

व्यंकोजीरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला ठसका लागला असं त्यांना वाटलं होतं.

मी एका सरकारी संशोधन संस्थेत विमानाच्या पंखावर काम करतो. पंख हलका हवा आणि मजबूतही हवा, आणि या दोन गोष्टींचं एकमेकींशी पटत नाही. हलका केला की कमजोर होतो, मजबूत केला की जड होतो. मग आम्ही शेकडो पंख कागदावर करून बघतो आणि प्रत्येकाचा आलेखावर एक ठिपका काढतो. आडव्या रेघेवर वजन, उभीवर कमजोरी. ठिपक्यांचा ढग तयार होतो, आणि ढगाची खालची कड म्हणजे चांगले पंख. त्या कडेवरचा एक ठिपका सोडून दुसरा घेतला की एका बाबतीत फायदा होतो आणि दुसऱ्या बाबतीत तोटा होतोच. हे सगळं मी गोजराबाईंना कॉफीवरून समजावलं. कॉफी कडक हवी आणि दुपारची झोपही हवी, तर किती डिकॉक्शन घालायचं, असा तो प्रश्न.

“स्वल्प कमी घालायचं,” गोजराबाई म्हणाल्या. “त्याला काँप्युटर कशाला?”

पण व्यंकोजीराव खुर्चीत पुढे सरकले होते. “म्हणजे आडव्या रेघेवर किलोमीटर,” ते हळूच म्हणाले, “आणि उभ्या रेघेवर?”

“रुसवा,” मी म्हणालो.

माझ्या आयुष्यात माझ्या शास्त्राकडे इतक्या आदरानं कुणी पाहिलेलं नव्हतं. कल्पनाही त्यात आली.

आता रुसवा मोजायचा कसा? त्याचं माप गोजराबाईंनी दिलं. शून्य ते दहा. एकेक नाव घ्यायचं आणि त्या डोळे मिटून आकडा सांगायच्या. “मागच्या गल्लीतले मामंजी नऊ. त्यांनी एकदा केळवणाला डाळीचे आंबोडे गार होते म्हणून दोन लग्नं सोडली. त्यांची सून सात. महादेवपुऱ्याचे प्रतापराव भावजी…” इथं त्या जरा थांबल्या. “तीन. गरीब माणूस. गोड खायला मिळालं की विसरतात.”

प्रतापराव म्हणजे व्यंकोजीरावांचे चुलतभाऊ, एका कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचा हा तीन पुढं किती महागात पडणार होता, याची त्या वेळी मला कल्पना नव्हती.

नावं संपली. मी वर निघालो तर जिन्यात सौम्या उभी होती. मुलगी हसरी, बडबडी, पण त्या दिवशी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“काका, त्यात दोड्डप्पांचं नाव आहे का?”

दोड्डप्पा म्हणजे तिचे थोरले काका, विठोजीराव. व्यंकोजीरावांचे सख्खे मोठे भाऊ, राहायला के. आर. पुरमला. मला ते ऐकूनच माहीत होते, कारण दोघां भावांत कैक वर्षं बोलणं नव्हतं. विठोजीरावांच्या मुलाच्या लग्नात सख्ख्या धाकट्या भावाला आमंत्रण चौथं आलं होतं. चौथं! व्यंकोजीराव त्या लग्नाला गेले नाहीत, आणि मग विठोजीराव यांच्या घरी कधीच आले नाहीत.

“नाव नव्हतं,” मी म्हणालो.

“मी त्यांच्या खांद्यावर बसून करग्याची मिरवणूक बघितलीय,” सौम्या म्हणाली. “अप्पांना मी तीनदा सांगितलं, दोड्डप्पा नसतील तर मला ते लग्न लग्नासारखं वाटणार नाही. अप्पा म्हणतात, बघू. काका, तुमचं मशीन सांगेल ते अप्पा ऐकतील. प्लीज, एवढं करा.”

इतकं म्हटल्यावर कुठला शास्त्रज्ञ नाही म्हणेल? मी परत खाली गेलो आणि थोरला माणूस नसेल तर गणित उभंच राहत नाही, असं दडपून सांगितलं. व्यंकोजीरावांनी पत्रिकांचा गठ्ठा मांडीवरून खाली ठेवला.

“सरी,” ते म्हणाले. “घाला हवं तर. रुसवा शून्य.”

“शून्य?”

“आधीच रुसलेला माणूस आणखी किती रुसणार, उमाकांतराव? शून्य.”

तर्काला तोड नव्हती. मी शून्य लिहिलं. सौम्याचं काम झालं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी कामाला लागलो. एका सहकाऱ्यानं परदेशातून येताना फ्लॉपीवर पायथन नावाची नवी भाषा आणली होती आणि पंखासाठी मी ती शिकतच होतो. तिच्या नावाचा अर्थ अजगर असं मी घरी बोलून गेलो. गोजराबाईंनी त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली नागाच्या दगडावर दूध घातलं, त्यामुळे तो सगळा कार्यक्रम पहिल्या झटक्यात चालला असं त्यांचं आजही मत आहे. प्रत्यक्षात तो चालायला चार दिवस लागले, पण मी त्यांना ते सांगितलं नाही.

ठिपके मात्र सुरेख आले. एकेक ठिपका म्हणजे पत्रिका वाटण्याचा एकेक क्रम. डावीकडे वर तो क्रम, ज्यात पेट्रोल अगदी कमी आणि सगळं गणगोत रुसलेलं. उजवीकडे खाली तो, ज्यात कुणीच रुसत नाही, पण फियाट म्हैसूरला जाऊन येईल इतकी फिरते. मधे एक डौलदार वाक. मी तो ऑफिसच्या मोठ्या प्लॉटरवर रंगीत काढायला लावला आणि तिथंच साहेबांनी मला पकडलं.

आमचे साहेब हयवदन राव फार कडक आहेत. प्लॉटरचं एक लाल पेन वाळलं तरी चौकशी लावतात. त्यांनी कागद उचलून उजेडात धरला.

“येन्री इदु, उमाकांत? पंख का?”

“नाही सर.”

“एक्स ॲक्सिस?”

“किलोमीटर.”

“आणि वाय?”

खोटं बोलावं तर सुचेना. मी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आता मेमो, असं मी मनाशी ठरवलं.

“दोन ॲक्सिसवर भागणार नाही,” ते गंभीरपणे म्हणाले. “मुलाच्या मुंजीच्या वेळी आमच्या घरी राहुकाळाची अशुभ वेळ टाळायची होती, सासूबाईंना दुपारी एक वाजेपर्यंत परत आणायचं होतं आणि माझ्या ॲसिडिटीला कॉफी चालत नव्हती. सगळे ॲक्सिस शेजारी शेजारी उभे करा. प्रत्येक क्रमाची एक रेघ, या ॲक्सिसवरून त्या ॲक्सिसवर उड्या मारत जाणारी. पंखाचा रिपोर्टही तसाच काढा.” आणि त्यांनी नवीन लाल पेन स्वतःच्या कपाटातून काढून दिलं. सरकारी नोकरीत मी पाहिलेलं हे एकमेव औदार्य.

पण ते पुढचं. तूर्त दोन अक्षांचा आलेख व्यंकोजीरावांनी दिवाणखान्यात देवांच्या तसबिरीशेजारी टाचला. खाली मी कोष्टक केलं होतं, प्रत्येकाच्या नावापुढं रुसव्याचा आकडा. शास्त्रात गृहीतकं उघड मांडायची असतात. कल्पना म्हणाली, “ते खालचं कापून टाका.” मी म्हटलं, “कल्पना, हे विज्ञान आहे.” ती म्हणाली, “हे भाऊबंद आहेत.” संसारात तिचं बरोबर निघण्याचं प्रमाण फार आहे आणि त्याचा मला त्रास होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रतापराव सहज कॉफीला आले. भिंतीसमोर उभं राहून त्यांनी आलेखाचं कौतुक केलं. मग चष्मा वर करून ते खालचं कोष्टक वाचू लागले. मला वाटलं, आता हे चिडणार, मला रुसका म्हणता काय, म्हणून भांडणार. त्याची उत्तरं मी तयार ठेवली होती.

“तीन?” प्रतापराव म्हणाले. “मागच्या गल्लीतल्यांना नऊ आणि मला तीन?”

“भावजी, कमी असणं चांगलं—” गोजराबाईंनी सुरुवात केली.

“काय चांगलं, अक्का? म्हणजे प्रताप रुसला काय, न रुसला काय, घराण्याला फरक पडत नाही. हेच ना?” त्यांनी कॉफीचा पेला तसाच खाली ठेवला. “मी रुसत नाही म्हणून मला मान नाही!”

वजन कमी असलेला पंख कधी येऊन माझ्याशी भांडला नव्हता. प्रतापरावांचा आकडा तिथंच पेननं दहा करण्यात आला, आणि तेव्हा कुठं त्यांनी गार झालेली कॉफी घेतली.

पण त्यांच्या घरी टेलिफोन होता. दुसऱ्या दिवसापासून खालच्या दिवाणखान्यात भाऊबंदांची रीघ लागली. कोणी पाच ऐकून आलं, कोणी आठ. आठवाल्यांना नऊवाल्यांचा राग, नऊवाल्यांना प्रतापरावांच्या दहाचा. ज्यांना आजवर कुणी रुसताना पाहिलं नव्हतं अशा सालस माणसांनी जुने रुसवे पुरावे म्हणून सांगितले. एका आजीबाईंनी तर माझ्यासमोर बसून प्रात्यक्षिक दाखवलं आणि ते इतकं अस्सल होतं की त्यांना उठवायला सौम्याला दोन तास समजूत घालावी लागली. फोन घेतला की पलीकडून “ठिपकेवाले हाय का?” अशी विचारणा व्हायची. अवघ्या आठवड्यात सगळ्यांचे आकडे दहा झाले. एकट्या विठोजीरावांचा शून्य राहिला, कारण त्यांच्यासाठी भांडायला कुणी आलं नाही.

बरं, आकड्यांवर भागलं असतं तरी चाललं असतं. पण आलेलं माणूस जाताना एकेक अट ठेवून जायचं. प्रतापरावांना राहुकाळ नको होता. एका घरी दुपारी दोननंतर झोप असे. आजीबाईंचं म्हणणं, शेजारच्या जावेच्या घरची कॉफी पिऊन त्याच तोंडानं माझ्याकडं येऊ नये. व्यंकोजीरावांना एका दिवसात चारच्या वर कॉफ्या झेपत नव्हत्या. शेजारचे एक वयस्कर गृहस्थ, ज्यांचा या लग्नाशी संबंध नव्हता, तेही येऊन सांगून गेले की गाडी पहिल्यांदा पूर्वेला तोंड करून निघाली पाहिजे. आणि या घराची पद्धत अशी, की आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नाही. “स्वल्प तेही घालून टाका हो, उमाकांतराव,” व्यंकोजीराव म्हणायचे, जणू मी भाजीत मीठ घालत होतो.

मी घालत गेलो. साहेबांच्या सल्ल्याप्रमाणे अक्ष शेजारी शेजारी उभे केले. किलोमीटर, रुसवा, राहुकाळ, झोप, जाऊ, कॉफी, पूर्व. प्रत्येक क्रमाची रेघ एका अक्षावरून दुसऱ्यावर उड्या मारत जायला लागली, आणि प्लॉटरनं काढलेला तो कागद मी उलगडला तेव्हा गोजराबाईंना वाटलं मी शेवया वाळत घातल्या.

पण खरी पंचाईत निराळीच होती. दोन गोष्टी जपायच्या होत्या तोवर मशीन वाईट क्रम ताबडतोब बाद करायचं, कारण त्याच्यापेक्षा दोन्ही बाबतींत सरस असा दुसरा क्रम सापडायचा. जपायच्या गोष्टी वाढल्या तसं बाद होणं थांबलं. कुठलाही क्रम घ्या, तो कुठल्या ना कुठल्या बाबतीत इतरांपेक्षा बरा निघायचाच. पडताळा म्हणून मी टेलिफोन डिरेक्टरीत नावं आहेत त्या क्रमानं एक मुद्दाम घातला. मशीननं सांगितलं, उत्तम! याला मागं टाकेल असं दुसरं काही नाही. किलोमीटर भयानक, रुसवा भयानक, पण त्यात कुणाची झोप मोडत नव्हती.

“मग यातला आपण कुठला घ्यायचा?” व्यंकोजीरावांनी विचारलं.

“ते मशीन सांगत नाही,” मी म्हणालो. “ते फक्त चांगले कुठले ते दाखवतं.”

“चांगले कुठले?”

“सगळेच.”

गोजराबाई म्हणाल्या, “मुलीचं लग्न तोंडावर आलंय आणि एक पत्रिका घराबाहेर पडली नाही.” त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं माझ्या ताटलीत आणखी एक वडा वाढला, आणि ते फार लागलं.

वर आल्यावर कल्पनाला मी म्हटलं, की लोकांना विज्ञानाची कदर नाही. ती म्हणाली, “सौम्यानं तुम्हांला एकच गोष्ट सांगितली होती. ती कुठल्या रेघेवर आहे?” मी कागद पाहिला. विठोजीरावांचा रुसवा शून्य असल्यामुळे मशीननं त्यांना प्रत्येक क्रमात जिथं सोयीचं पडेल तिथं टाकून दिलं होतं. बहुतेक ठिकाणी ते शेवटी होते, प्रतापरावांच्या नंतर, घरी परतताना वाटेवर म्हणून. मला एकदम वाईट वाटलं. त्या पोरीनं भरवशानं सांगितलेलं काम मी असं केलं होतं.

आणि हेच नेमकं प्रतापरावांनी फोनवरून के. आर. पुरमला कळवलं. त्यांचा हेतू चांगला होता. “अण्णा, सगळ्यांना दहा मिळाले, फक्त तुम्हांला शून्य आहे, जाऊन वाढवून घ्या,” इतकंच ते म्हणाले.

रविवारी दुपारी चार-साडेचारचा सुमार असेल. मी भिंतीवरचा आलेख काढत होतो, इतक्यात फाटक वाजलं. एक उंच, वाळलेले, सत्तरीचे गृहस्थ पायऱ्या चढून आले. दोन बस बदलून आले होते, सदरा घामानं भिजला होता. मी ओळखलं नाही, पण व्यंकोजीराव वर्तमानपत्र टाकून खुर्चीतून उभे राहिले. धाकटा भाऊ थोरल्यापुढं उभा राहतो तसे, सवयीनं. मग आपलं भांडण आहे हे आठवून ते परत बसायला लागले आणि अर्ध्यावर तसेच राहिले.

“ठिपकेवाले कोण?” गृहस्थांनी विचारलं.

मी हात वर केला.

“यांना विचारा,” ते भावाकडं न बघता मला म्हणाले, “विठोजीला शून्य कुणी दिला?”

“त्यांना सांगा,” व्यंकोजीराव मला म्हणाले, दोघांत चार हातांचं अंतर असताना, “आधीच रुसलेल्या माणसाचा रुसवा वाढत नाही असं आम्हांला वाटलं.”

“यांना सांगा, वाढतो,” विठोजीराव म्हणाले. “दर दिवाळीला वाढतो. दर गौरीला वाढतो. पोरीला सोयरीक आली हे परक्याकडून ऐकलं, त्या दिवशी तर फार वाढला.”

मी दोघांमध्ये उभा होतो. माझ्या सगळ्या गणितात ही गोष्ट कुठंच नव्हती.

आतून सौम्या धावत आली आणि दोड्डप्पांच्या गळ्यात पडली. तिच्या मागून गोजराबाई आल्या, हातात कुंकवाचा करंडा, अक्षता आणि पत्रिका. या बाईचं प्रसंगावधान मी आमच्या संस्थेत कुणात पाहिलेलं नाही. थोरला माणूस घरात आला आहे, अजून एकही पत्रिका गेलेली नाही, म्हणजे हा पहिला मान. त्यांनी कुंकवात बोट बुडवलं.

विठोजीरावांनी कपाळ मागं घेतलं. “इथं नको, गोजरा. आमंत्रण घेणाऱ्याच्या घरी द्यायचं असतं. आपल्या दारात सापडला म्हणून दिलं, असं नको.”

गोजराबाईंचा हात तसाच राहिला. सौम्यानं वडिलांकडं पाहिलं. व्यंकोजीराव खुंटीकडं गेले, कोट घातला, गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि मग प्रथमच सरळ भावाकडं बघून बोलले.

“चला मग. तुमच्या घरी.”

“अहो, राहुकाळ लागतोय!” गोजराबाई म्हणाल्या.

“लागू दे,” व्यंकोजीराव म्हणाले. “इतकी वर्षं दुसरं काय चाललंय?”

थोरले म्हणून विठोजीराव पुढं बसले. मागं व्यंकोजीराव, गोजराबाई आणि सौम्या. नवऱ्या मुलीनं स्वतःच्या लग्नाच्या आमंत्रणाला जायचं नसतं, पण “मी दोड्डम्माला भेटायला येते,” असं म्हणून ती घुसली. कल्पना फाटकातून ओरडली, “रस्ता त्यांना विचारा!” गाडी पश्चिमेकडं तोंड करून निघाली.

वाटेत भाऊ भावाशी बोलला नाही. दोघंही माझ्याशी बोलले. “डावीकडून घ्या,” विठोजीराव म्हणायचे. “डावीकडूनच घ्या हो,” मागून व्यंकोजीराव. “पुढं खड्डा आहे.” “खड्डा आहे म्हणतात ना ते!” मला रस्ता कळत नाही या एका गोष्टीवर दोघा भावांचं इतक्या वर्षांनी एकमत झालं होतं आणि के. आर. पुरमच्या रेल्वे फाटकापाशी अडकेपर्यंत त्यांनी ते टिकवलं. मी काही मनाला लावून घेतलं नाही. थोडं लावून घेतलं.

घर जवळ आलं तसे विठोजीराव अस्वस्थ झाले. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी हात वर केला.

“इथं सोडा मला. मी पुढं होतो. तुम्ही स्वल्प वेळानं या.”

“का हो?” मी विचारलं.

“पाहुण्यांबरोबर एकाच गाडीतून उतरलो तर दार कोण उघडणार? आमंत्रणाला आलेल्या माणसाला घरच्या माणसानं दारात येऊन घ्यायचं असतं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. यात हसण्यासारखं काही आहे असं माझ्याखेरीज कुणाला वाटलं नाही. विठोजीराव लगबगीनं गल्लीत शिरले. आम्ही गाडीत बसून राहिलो. व्यंकोजीरावांनी रुमाल काढून चष्मा पुसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा चष्मा पुसला. “आता जाऊ या?” “थोडं थांबा, पोचू दे त्यांना.” “आता?” अखेर सौम्यानंच दार उघडलं.

घराचं दार बंद होतं. व्यंकोजीरावांनी कडी वाजवली. आतून काही उत्तर नाही. नुसती पेट्या सरकवल्याची खडखड आणि कृष्णाबाईंचा, म्हणजे विठोजीरावांच्या पत्नीचा आवाज, “तिथं नाही हो, वरच्या पेटीत!” आम्ही उभे. पुन्हा कडी वाजवायला व्यंकोजीरावांनी हात उचलला, तेवढ्यात दार उघडलं.

विठोजीराव दारात उभे होते. घामाचा सदरा गेला होता. डोक्याला जरीकाठी पटका, अंगात बंद गळ्याचा काळा कोट, कोरा करकरीत, शिंप्यानं घातलेला कच्चा पांढरा दोरा अजून बाहीवर लोंबत होता. त्यांनी आम्हां सगळ्यांकडं असं पाहिलं, की जणू वर्षानुवर्षांत यांतलं कुणी नजरेलाच पडलेलं नाही.

“कोण? व्यंका?” ते म्हणाले. “अगं, बघ तरी कोण आलंय. या, या. आज इकडं कसं काय?”

व्यंकोजीराव वाकले आणि भावाच्या पायांवर डोकं ठेवलं. “सौम्याचं लग्न काढलंय, अण्णा,” ते म्हणाले. “पहिलं बोलावणं तुम्हांला. अगत्यानं यायचं.”

मागून कृष्णाबाई आल्या. त्यांना या नाटकातलं काही ठाऊक नसावं, किंवा असावं. “साखरपुड्याचं कळलं त्याच आठवड्यात शिवून ठेवलाय तो कोट,” त्या सरळ म्हणाल्या. “रोज काढून बघतात आणि परत ठेवतात.”

विठोजीरावांनी तिकडं लक्षच दिलं नाही. गोजराबाईंनी लावलेलं कुंकू त्यांनी मान ताठ ठेवून लावून घेतलं, अक्षता घेतल्या, पत्रिका घेतली, हात लांब धरून तारीख वाचली. व्यंकोजीराव त्यांच्या बाहीवरचा पांढरा दोरा हलकेच ओढून काढत होते आणि सौम्या तोंडावर ओढणी धरून हसत होती, रडत होती.

“हं,” विठोजीराव गंभीरपणे म्हणाले. “बघू. जमलं तर येईन.”